गांजा, किशोरवयीन मेंदू आणि घरातले बोलणे

विदर्भातल्या खेड्यात वाढणाऱ्या मुलाला गांजा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत चिलीम ओढणारी मंडळी त्याने पाहिलेली असतात, होळीला भांग घोटलेली पाहिलेली असते आणि पानठेल्यावर खर्ऱ्याशिवाय आणखी काय मिळते याची कुजबुजही त्याच्या कानावर आलेली असते. अशा मुलाला ‘गांजा ओढला की माणूस वेडा होतो’ असे सांगितले, तर वर्षानुवर्षे चिलीम ओढूनही वावर सांभाळणारे गावातले एखादे आजोबा त्याला आठवतात आणि सांगणाऱ्याच्या खऱ्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडतो. आजोबांचे उदाहरण त्याला लागू का पडत नाही, हे मेंदूच्या वाढीकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

गांज्यातील नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी तो १९६४ मध्ये इस्रायलमध्ये शुद्ध रूपात वेगळा केला. पुढे १९९२ मध्ये मेंदू स्वतःच तयार करत असलेले आनंदामाइड हे द्रव्य सापडले आणि टीएचसी मेंदूत त्याचीच जागा बळकावतो हे स्पष्ट झाले. आनंदामाइड गरजेपुरते, नेमक्या ठिकाणी तयार होते, संदेश पाठवणाऱ्या चेतापेशीला ‘आता पुरे’ असे कळवते आणि लगेच विघटित होते. ओलित करताना ज्या वाफ्याची पाळी असेल त्याचेच दार धरावे आणि वाफा भरताच ते बंद करावे, तसे हे काम चालते. टीएचसी मात्र सगळ्या वाफ्यांची दारे एकदम फोडतो आणि ती कितीतरी वेळ उघडीच राहतात. स्मृतीचे केंद्र आणि तोल सांभाळणारा लघुमेंदू या दोन्ही ठिकाणी या द्रव्याचे ग्राहक, म्हणजे ते जिथे जाऊन जोडले जाते त्या जागा, दाट असल्यामुळे ओढणाऱ्याला नुकतेच ऐकलेले आठवत नाही, अंतराचा अंदाज चुकतो आणि अशा वेळी त्याने मोटारसायकल हाती घेणे धोक्याचे ठरते.

मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा भाग, साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. या घडणीत कोणत्या जोडण्या ठेवायच्या आणि कोणत्या छाटायच्या हे ठरवण्यात आनंदामाइडच्या यंत्रणेचा वाटा असल्याने, पंधराव्या वर्षी नियमित सुरू झालेला गांजा आणि चाळिशीतला गांजा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. गांजा वापरणाऱ्यांपैकी सुमारे दहात एकाला त्याचे व्यसन जडते, तर किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे सहात एक इतके आढळले आहे. भास, संशय, वास्तवाशी नाते तुटणे अशा मनोविकारांचा धोका रोज ओढणाऱ्यांत आणि तीव्र माल वापरणाऱ्यांत वाढतो. घरात असा आजार आधी कोणाला झालेला असेल, तर हा धोका आणखी वाढतो. बुद्धिमत्ता कायमची घटते का, यावर मात्र संशोधकांत एकमत नाही, आणि मुलालाही ते तसेच सांगावे.

चिलमीच्या बुडाला ओली साफी गुंडाळली की धूर गाळला जातो, हा समज पोरांमध्ये पक्का असतो. ओल्या फडक्याने धूर जरा थंड होतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ फुप्फुसात जातो.

भांगेची गोष्ट वेगळी आणि एका अर्थाने जास्त फसवी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. भांग ज्यांची घोटतात ती त्याच झाडाची नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. शरीर हा भेद मानत नाही. पोटात गेलेल्या टीएचसीचे यकृतात आणखी एका नशा आणणाऱ्या द्रव्यात रूपांतर होते, त्याचा परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तेवढ्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला रिचवलेला असतो. लहान मुलाच्या हाती गमतीने भांगेचा पेढा देणाऱ्या पाहुण्याला घरच्यांनी तिथेच, भीड न बाळगता थांबवावे.

मुलाशी बोलायला ठरवून बैठक मांडली की तो मान खाली घालून ‘हो, हो’ म्हणतो. वावरात जाताना, गाडीवर मागे बसलेला असताना, ‘बापू, दोस्तायनं चिलीम पुढं केली तं तू काय करशीन?’ एवढे विचारून त्याचे उत्तर पूर्ण ऐकावे. नकार कसा द्यायचा हे त्याच्याच शब्दांत ठरू द्यावे. ‘बाबा मारतीन’ हे निमित्त त्याला दोस्तांसमोर वापरायचे असेल, तर खुशाल वापरू द्यावे. बाप स्वतः खर्रा चघळत असेल, तर मुलगा ते बोलून दाखवणारच. तेव्हा न चिडता ‘मले सुटत नाही, म्हणूनच तुले सांगतो’ हे कबूल करणे अधिक परिणामकारक ठरते.

मुलाने सुरुवात केली असल्याचे कळले, तर मारझोड करण्याआधी सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलावे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात, १९८५ च्या त्याच अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. नियमित ओढणाऱ्याने गांजा सोडला की एक-दोन दिवसांत चिडचिड, झोपमोड आणि अन्नावरची वासना जाणे सुरू होते, पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत बहुतेकांचा ओसरतो. त्या दिवसांत ताट सरकवून उठलेल्या पोराला माजला म्हणण्याऐवजी घरच्यांनी हे दिवस मोजावेत.