राइट बंधूंचं वर्कशॉप डेटनहून का हललं?

पहिलं विमान जिथे घडलं ती विटांची दुमजली इमारत आज ओहायोतल्या डेटनमध्ये नाही. ती शेजारच्या मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेज संग्रहालयात आहे. वेस्ट थर्ड स्ट्रीटवरच्या ११२७ क्रमांकाच्या या जागेत सायकलचं दुकान १८९७ मध्ये आलं. १९०१ चा वाऱ्याचा बोगदा, म्हणजे पंखांचे नमुने वाऱ्याच्या झोतात तपासायची पेटी, आणि १९०३ च्या विमानाचे भाग इथलेच.

मोटार उद्योगपती हेन्री फोर्ड यांनी १९३६ मध्ये आपल्या या संग्रहालयासाठी इमारत विकत घेतली आणि १६ एप्रिल १९३८ रोजी, थोरल्या भावाच्या, विल्बरच्या जन्मदिनी, तिचं नव्या जागी उद्घाटन झालं. हयात असलेल्या धाकट्या भावाने, ऑर्व्हिलने मदत केली. १९०३ चं इंजिन बनवणाऱ्या मेकॅनिकलाच, चार्ली टेलरला, जुनी यंत्रं शोधायच्या कामावर घेतलं, हे फार मोलाचं ठरलं.

विटांची इमारत हलवताना फसगत विटांमधल्या सांध्यांत होते. उतरवण्याआधी मोजमापं, फोटो आणि थरांचे क्रमांक हवेत. पुन्हा रचताना दर थराचा सांधा एक मिलिमीटर जाड झाला, तरी साठ थरांत सहा सेंटीमीटर वाढतात आणि जुन्या चौकटी बसत नाहीत. चुन्याऐवजी कडक सिमेंट भरलं तर ओल विटेतूनच बाहेर पडते आणि विटेचा पृष्ठभाग सुटतो. वर्कशॉपमध्ये छताच्या तुळयाही जपाव्या लागतात. लेथ आणि ड्रिल प्रेस (भोकं पाडायचं यंत्र) यांना पट्ट्यांनी गती देणारा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, तिथेच टांगलेला असतो. तुळई बदलली की बोल्टची भोकं जातात, आणि कुठलं यंत्र कुठे होतं याचा पुरावाही जातो.

खरा वाद मांडणीचा आहे. राइटांचं राहतं घरही डिअरबॉर्नला नेलं आणि वर्कशॉपच्या शेजारी उभं केलं. डेटनमध्ये ते हॉथॉर्न स्ट्रीटवर होतं, म्हणजे दुसऱ्याच रस्त्यावर. प्रेक्षकाला सोय झाली, पण घर आणि कामाची जागा यांमधलं अंतर, मधली वस्ती पुसली गेली. ही चूक आजही दुरुस्त करण्याजोगी आहे; निदान ठळक नकाशा तरी लावावा.

मात्र इमारत डेटनमध्येच राहिली असती तर टिकली असती, असं छातीठोक म्हणता येत नाही. १९६६ च्या दंगलीची झळ याच पश्चिम भागाला बसली. राइटांचं या इमारतीत येण्याआधीचं, साउथ विल्यम्स स्ट्रीटवरचं दुकान मात्र जागच्या जागी वाचलं आणि १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग बनलं. डेटनमधल्या कॅरिलॉन पार्कात हललेल्या वर्कशॉपची प्रतिकृतीही आहे.