दंतधावन, खानदेशातील

दात, हिरड्या व जीभ रोज स्वच्छ करण्याची रीत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात ती काडी, राख, दंतमंजन, मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) आणि ब्रश अशा अनेक साधनांनी चालत आली आहे. साधने पिढीगणिक बदलली, वेळ मात्र फारशी बदलली नाही. दात घासायचे ते सकाळी, चहाच्या आधी. रात्री जेवण झाल्यावर चूळ भरली की काम संपले, असेच बहुतेक घरांत मानतात. येथील दातांच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ या सवयीत आहे.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या गावांत दातवणासाठी कडुनिंब आणि बाभूळ सर्वत्र मिळते. सातपुड्याच्या पायथ्याशी करंजाची काडीही वापरतात. काडी करंगळीएवढी जाड, हिरवी आणि गाठ नसलेली निवडतात. साल थोडी सोलून टोक दाढेखाली चावत राहिले की तंतू सुटून त्याचा कुंचला होतो. त्याने दात घासतात. शेवटी काडी मधोमध चिरून, दोन्ही हातांनी कमानीसारखी वाकवून तिनेच जीभ खरवडतात. शेताच्या वाटेवर बांधावरची डहाळी मोडायची आणि विहिरीवर पोहोचेपर्यंत ती चघळत जायची, ही पद्धत जुन्या शेतकऱ्यांत अजून दिसते. त्यात घाई नसते, आणि काडीचा खरा फायदा बहुधा तोच असावा. ब्रश घेऊन अर्ध्या मिनिटात मोकळे होणाऱ्यापेक्षा पाव तास काडी चघळणाऱ्याच्या दातांचा दर्शनी भाग अधिक स्वच्छ निघतो. दाढांच्या आतल्या बाजूला आणि दोन दातांमधल्या फटीत मात्र काडी पोहोचत नाही. मुस्लिम समाजात पीलू वृक्षाच्या मुळाची मिसवाक वापरतात.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत दातवणाचा तपशील बारकाईने दिला आहे. सुश्रुतसंहितेत कडू काड्यांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ सांगितला आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात काडी सकाळी आणि जेवणानंतरही वापरावी, टोक मऊ करून घ्यावे, हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे म्हटले आहे. यातले सकाळचे तेवढे लोकांनी उचलले. दात घासणे हा स्नानासारखा शुद्धीचा भाग ठरला, आणि जेवणानंतरचे दातवण वहिवाटीतून गळून पडले.

काडीच्या जोडीला चुलीतली राख, गोवरीची राखुंडी, कोळशाची पूड आणि मीठ ही घरची मंजने होती. पुढे काळ्या आणि लाल दंतमंजनांच्या डब्या किराणा दुकानांत आल्या. राख, कोळसा किंवा गेरूची भुकटी बोटाने जोर लावून घासली की दात तेवढ्यापुरते उजळतात. पण वर्षानुवर्षांच्या घर्षणाने वरचे कठीण कवच झिजते आणि मुळाजवळ खाचा पडतात. मग माठातले पाणी प्यायले तरी कळ जाते. नायलॉनच्या केसांचा ब्रश १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. खेड्यापाड्यांतल्या घरांत तो रुळायला मात्र आणखी काही दशके गेली.

मिश्रीचा विचार वेगळा करावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात तिला मशेरी म्हणतात. तंबाखूची पाने तव्यावर किंवा पत्र्यावर काळी पडेपर्यंत भाजून चुरतात आणि ती पूड डबीत ठेवतात. तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर चोळून ती काही वेळ तोंडात धरतात. हे व्यसन मुख्यतः बायकांचे. कित्येकींना ते लहानपणी आजीच्या डबीतून लागते, कित्येकींना दाढ ठणकते म्हणून लावता लावता. तलफ आली की दिवसातून चार-पाच वेळाही मिश्री लागते, आणि तोंडात मंजन आहे असे म्हटले की कोणी हटकत नाही. पुरुषाने चारचौघांत तंबाखू मळली तर ते व्यसन, बाईने मिश्री लावली तर ते दात घासणे, हा भेद डॉक्टरांच्या खोलीतही आड येतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. ‘मिश्री लावता का?’ असे विचारले तरच उत्तर मिळते. गरोदरपणी मिश्री लावल्याने बाळाचे वजन कमी भरते आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारतात १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. चुलीवर भाजलेली मिश्री त्या कायद्याच्या आवाक्याबाहेर राहते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूर न होणारी तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले.

तरुणांमध्ये मिश्रीची जागा गुटखा आणि सुपारीने घेतली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते हे टपरीवर उभे राहिल्यास कळते. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तपासणी करून घ्यावी. त्याआधीची एक खूण खानदेशात लवकर लक्षात येऊ शकते: तिखट सोसेनासे होते. ठेचा आणि झणझणीत शेवभाजीवर वाढलेला माणूस एकाएकी फिके मागू लागला, भाजीच्या रश्श्याने तोंडाची आग होते म्हणाला, तर घरचे पित्ताचा काढा देतात. अशा वेळी गालाची आतली बाजू उजेडात पाहायला हवी.

दात किडतो तो किड्यामुळे नव्हे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा ‘पाडणारे’ जाणकार आजही काही गावांत आहेत. दाढेत असा किडा कधीच नसतो. दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. साखर आणि पिठूळ अन्न मिळाले की ते जिवाणू आम्ल तयार करतात, आणि तोंडातला पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातले खनिज विरघळू लागते. लाळ हे आम्ल धुऊन काढते व खनिजाची भर घालते. झोपेत लाळ आटते, म्हणून रात्री दातात अडकलेला घास सर्वाधिक नुकसान करतो. थर निघाला नाही तर तो कडक होऊन त्याचे कीटण होते, हिरड्या सुजतात, रक्त येते आणि शेवटी दात हलू लागतात. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करणे हा उलटा उपाय आहे.

मऊ केसांचा ब्रश हिरडीकडे तिरका धरून दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, त्यात एकदा झोपण्यापूर्वी, ही आजची शिफारस आहे. पेस्टमधले फ्लोराइड कवच आम्लाला टिकाऊ बनवते; भारतात त्याची मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे आणि प्रमाण ट्यूबवर छापावे लागते. तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्टचा नुसता पुसट थर पुरतो, मोठ्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट. घासून झाल्यावर थुंकावे, भरपूर पाण्याने खळखळून धुऊ नये. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांना ही सूचना सोयीचीच आहे. जिभेसाठी तांब्याची किंवा स्टीलची जिभली पुरे.

तोंडाचे दुखणे तोंडापुरते राहत नाही. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही; हिरड्यांवर उपचार केले की तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी का होईना उतरते. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार सोबत आढळतात, मात्र एकामुळे दुसरा होतो असे अजून ठामपणे म्हणता येत नाही. हृदयात कृत्रिम झडप असलेल्याने दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे सांगणे अत्यावश्यक आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या तोंडातले जिवाणू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, म्हणून त्याचे तोंड दुसऱ्याने पुसून काढावे लागते. दाढा गेलेल्या म्हातारीचे ताटही बदलते. दादर ज्वारीची भाकरी ती वरणात कुस्करून खाते, शेंगदाणे आणि कच्चा कांदा सोडते, पुढे चहात बुडवलेल्या बिस्किटांवर भागवते, आणि अंगात शक्ती नाही ही तक्रार वयावर ढकलली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरील व्यक्तींच्या तोंडाची कर्करोगासाठी तपासणी रक्तदाब आणि साखरेसोबत गावपातळीवर होते. ती डोळ्यांनी पाहून केली जाते. पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसल्यास रुग्णाला पुढील रुग्णालयात पाठवतात. तपासणीला येताना तोंडातली मिश्री धुऊन यावे लागते. नाहीतर तिच्या काळ्या थराखाली चट्टा दिसत नाही.