आयत्या बिळावर निळी माशी

‘मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइनस्टाइन म्हणाला होता.’ हा संदेश अधूनमधून फिरत येतोच. तो असं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. सोलापूरकरांनी तर घाबरूच नये, कारण आपली मालदांडी ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागांवर धरते. तिला मधमाशी लागत नाही.

वांग्याचं मात्र तसं नाही. त्याचे पराग परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून सांडतात. निळ्या पट्ट्यांची अमेगिला ही रानातली मधमाशी फुलाला बिलगून उडण्याचे स्नायू जोरात थरथरवते आणि पराग झाडून घेते. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. अमेगिला एकटीच राहते. गढीच्या मातीच्या भिंतीत किंवा बांधाच्या कडेला बीळ कोरते, आत कोठड्या करते. प्रत्येक कोठडीत पराग-मकरंदाचा पातळसर काला, वर एक अंडं, मग मातीनं तोंड बंद.

आता खरी गोष्ट. काळ्या अंगावर निळसर ठिपके मिरवणारी थायरियस, हीही मधमाशीच, अमेगिलाच्या बिळाच्या आसपास घिरट्या घालत असते. पराग वाहायला लागणारे दाट केस तिच्या पायांवर नाहीतच, म्हणजे पिल्लांसाठी शिदोरी जमवणं तिला शक्यच नाही. मालकीण बाहेर गेली की ही आत शिरते, बंद कोठडीचं झाकण फोडते, आपलं अंडं घालते आणि झाकण पुन्हा लिंपून टाकते. कोकिळेसारखंच, फक्त इथे पिल्लू भरवायला कुणी नसतं. गरजही नसते. अंड्यातून निघालेल्या अळीच्या पहिल्या अवस्थेत जबडे कोयत्यासारखे लांब, वाकडे असतात. त्यांनी ती यजमानाचं, म्हणजे अमेगिलाचं, अंडं किंवा अळी मारते. कात टाकली की जबडे साधे होतात. हत्यार एकाच कामापुरतं! पुढे उरतो तो आयता काला.

हिला ‘दुष्ट’ म्हणायचा मोह आवरा. जगातल्या वीस हजारांहून अधिक मधमाशी-जातींपैकी दोन हजारांवर जाती अशाच आयतखाऊ आहेत. यजमान फार वाढला की या त्याला लगाम घालतात. स्वतःच्या भुकेसाठी तुळशीच्या मंजिऱ्यांवर फिरताना थोडंफार परागीभवनही करतात. शिवाय यजमान भरपूर असल्याशिवाय यांचं भागत नाही; तो घटू लागला की आधी याच नाहीशा होतात. म्हणून वांग्याच्या शेताजवळ थायरियस दिसली तर फवारणीचा पंप काढू नका. अमेगिला जवळपास बिळं करून आहे, एवढाच त्याचा अर्थ. गढीची भिंत सिमेंटनं लिंपली, तर मात्र दोघींचाही पत्ता कटतो.