सीपीएलचा अर्ज परत का येतो? कॉम्प्युटर नंबरपासून परवान्यापर्यंतच्या अडचणीच्या जागा

कमर्शियल पायलट लायसन्सचा, म्हणजे सीपीएलचा, अर्ज परत आला की घरच्यांना पहिली शंका येते ती मुलाच्या उड्डाणाची. खरं तर विमान नीट उतरवणारी मुलं कागदावर आपटतात. बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव, कुठल्याही फ्लाइंग स्कूलच्या हॉस्टेलवर चौकशी करा. तास पूर्ण झालेत, पेपर सुटलेत आणि तरी परवाना हातात नाही अशी एक-दोन मुलं सापडतीलच.

पात्रता आधी उरकून घेऊ. वय किमान १८. बारावी फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन पास, केमिस्ट्रीची अट नाही. क्लास १ मेडिकल. २०० तासांचं उड्डाण. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, लेखी पेपर (रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, टेक्निकल जनरल आणि स्पेसिफिक), प्रत्येकात ७० टक्के. शिवाय रेडिओचा परवाना. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या मुलांनी नाउमेद होऊ नये, फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, देता येतात. ही अट उठणार अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. राजपत्रात छापून येईपर्यंत तिच्या भरवशावर फी भरू नका.

लेखी परीक्षेला बसायला कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएचा परीक्षार्थी क्रमांक, लागतो आणि पहिला अडथळा इथेच आहे. नुसती गुणपत्रिका पुरत नाही, ती खरी असल्याचं बोर्डाचं पडताळणी पत्र लागतं. हा कागद कोणाच्याच फायलीत नसतो, कारण आयुष्यात दुसरीकडे कुठे तो कोणी मागत नाही. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. ज्या विभागातून बारावी केली त्याच कार्यालयात अर्ज करायचा. लातूर विभागातून पास होऊन आता पुण्यात राहणाऱ्याला पुण्याचं मंडळ हे पत्र देणार नाही. दोन पेपरांच्या तयारीत दोन महिने घालवून मग या पत्रामागे धावणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं. अभ्यासाचं पुस्तक विकत घ्यायच्या आधी हा अर्ज टाकावा.

एवढी कटकट का, तर तिला कारण आहे. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर टेकवलं गेलं. चौकशी खोलात गेली तेव्हा त्या वैमानिकाची वरच्या परवान्याच्या परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट निघाली. पाठोपाठ आणखी काही वैमानिकांचे खोटे कागद बाहेर आले आणि त्याच वर्षी राजस्थानात न उडवलेले तास लॉगबुकात चढवल्याचं प्रकरण गाजलं. पाठीमागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसवून नेणाऱ्याचा कागद कसून तपासला जावा, याला कोणाची हरकत नसावी. हरकत आहे ती दर टप्प्यावर तोच कागद नव्याने मागण्याला.

दुसरा अडथळा नावाचा, आणि तो खास आपल्या राज्यातल्या मुलांचा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर नावापासून सुरुवात. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव कधी आत तर कधी गाळलेलं. एका मुलाच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’ आणि पासपोर्टवर ‘दत्तात्रेय’ होतं. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकावर त्याचा अर्ज थांबला. ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर प्रोफाइल उघडताना जे नाव टाकाल तेच मेडिकल, निकाल आणि परवान्यावर उतरत जातं. त्यामुळे आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि गुणपत्रिका प्रमाण धरून बाकीचे दुरुस्त करून घ्या. नुसत्या क्रमाचा फरक असेल तर बहुतेकदा प्रतिज्ञापत्रावर भागतं. नावच बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागते, लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी तर हे विसरूच नये.

मेडिकलचा क्रम: आधी क्लास २, तो डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडूनच. फॅमिली डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही, मग तो एमडी का असेना. क्लास २ चा निर्णय झाला की क्लास १, आणि पहिल्या वेळचा क्लास १ मान्यताप्राप्त केंद्रांवरच होतो. उदाहरणार्थ, बेंगळुरूची वायुसेनेची एअरोस्पेस मेडिसिन इन्स्टिट्यूट. चष्मा असला तरी चालतो, नजर चष्म्याने नीट भरली पाहिजे. अडकतात ते रंग ओळखण्यात. आपल्याला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही हे विशी गाठेपर्यंत ठाऊकच नसलेली मुलं असतात. म्हणून पालकांना हात जोडून सांगणं: क्लास १ हातात येईपर्यंत फ्लाइंग स्कूलची मोठी रक्कम भरू नका, एज्युकेशन लोनवर सही करू नका. ‘टेम्पररी अनफिट’ शेरा आला तर मात्र घाबरायचं कारण नाही. वजन, रक्तदाब, साखर अशा गोष्टींवर तो येतो आणि मुदतीनंतर पुन्हा तपासणी होते. जुना दमा, फिट, डोळ्याची लेसर शस्त्रक्रिया लपवू नका. पुढे उघड झालं तर तो आजाराचा विषय राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा होतो.

आता तारखा. सगळ्यात जास्त अर्ज इथे मरतात.

नियमातली मुदत अर्जाच्या तारखेपासून मागे मोजायची असते. कोर्स संपल्यापासून पुढे नाही. २०० तासांचा अनुभव अर्जाआधीच्या पाच वर्षांतला हवा. २०१९ मध्ये सुरुवात करून कोविडमध्ये अडकलेल्या अनेकांचे सुरुवातीचे तास असेच बाहेर पडले. पीआयसी (पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला वैमानिक) म्हणून १०० तास हवेत आणि त्यातले १५ अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले. स्किल टेस्टही त्याच सहा महिन्यांतल्या हव्यात: दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० नॉटिकल मैलांची क्रॉसकंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण), रात्रीची १२० ची.

समजा मे महिन्यात तास पूर्ण झाले, २८ मे रोजी टेस्टही झाली. पण मेटिऑरॉलॉजी राहिलाय. तो ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटतो, निकाल, रेडिओ, कागदपत्रं करता करता २० डिसेंबरला अर्ज जातो. मागे सहा महिने म्हणजे २० जून. २८ मेची टेस्ट बाद, आणि जूननंतर विमानात बसलेला नसेल तर १५ तासही बाद. पुन्हा पैसे मोजून उडायचं, पुन्हा टेस्ट द्यायची. एवढ्यात क्लास १ ची वर्षाची मुदत संपली तर तेही नव्याने. फ्लाइंग स्कूलं हे आधी का सांगत नाहीत, असं विचारलं की ‘नियमात लिहिलंय’ असं उत्तर मिळतं. लिहिलंय खरं, पण अठरा वर्षांच्या मुलाने सरकारी इंग्रजीतली अनुसूची वाचून स्वतःचं कॅलेंडर आखावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. सोपा उपाय: सगळे पेपर सुटल्याशिवाय शेवटचे १५ पीआयसी तास आणि टेस्ट उरकू नका. त्या मुद्दाम शेवटाला ठेवा.

तासांच्या बेरजेतही तीन ठिकाणी घोळ होतो. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याचे, १० तास हवेत, त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५ धरतात. सिम्युलेटरवर बारा तास केले तरी पाचच. पीआयसी क्रॉसकंट्रीच्या २० तासांत एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं हवं आणि त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं हवं. चाकं टेकवून लगेच उडालात तर धरत नाहीत. हे ३०० आणि टेस्टचे २५० वेगवेगळे, एकात दुसरं भागवू नका. रात्रीचे ५ तास, त्यात एकट्याने १० टेकऑफ आणि १० लँडिंग.

लॉगबुकात व्हाइटनर लावू नका. चुकलेल्या नोंदीवर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि इन्स्ट्रक्टरची सही. पांढरा ठिपका दिसला की तपासणाऱ्याची नजर तिथेच थांबते आणि मग त्या दिवसाची नोंद विमानाच्या रजिस्टरशी ताडली जाते. पानाच्या तळाची बेरीज पुढच्या पानावर जशीच्या तशी गेली आहे ना, हे सीएफआयच्या (चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या) सहीआधी स्वतः तपासा. सही करणारा सहसा तपासत नाही.

परदेशात शिकून आलेल्यांना सगळे पेपर द्यावे लागत नाहीत: एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित (कॉम्पोझिट) पेपर पुरतो. पण ज्या देशाने परवाना दिला तिथल्या नियामकाने तो खरा असल्याचं कळवावं लागतं, आणि त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. वरचे सहा महिने मात्र त्या काळातही सरकत राहतात. तो देश सोडण्याआधीच पडताळणीची तिथली पद्धत आणि फी विचारून घ्या.

रेडिओच्या परवान्याबाबत जुन्या नोट्स वाचू नका. त्यात दूरसंचार खात्याचा पत्ता असतो. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ नुसार, १ जानेवारी २०२५ पासून, हे कामही डीजीसीएकडे आलं आहे.

बाकी फी ऑनलाइन भरायची, फोटो-सही सांगितलेल्या मापात चढवायची. अर्ज पाठवल्यावर रोज पोर्टल उघडून बघा. त्रुटी काढली तर ती तिथेच दिसते, आणि ईमेल कधी स्पॅममध्ये जातो. त्रुटीचं उत्तर देताना मागितलेलाच कागद जोडा. जास्तीचे पाच कागद जोडले की त्यातून सहावी त्रुटी निघते.