ख्रिस्ती धर्मचिंतन व संस्कृती : कोकण किनाऱ्यावरील संवाद

ख्रिस्ती श्रद्धेचा भोवतालच्या भाषेशी, चालीरीतींशी, साहित्याशी आणि चालू प्रश्नांशी मेळ कसा घालायचा, आणि कुठे मुळीच घालायचा नाही, याविषयी चालत आलेली चर्चा. ही चर्चा ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात पौल अथेन्समध्ये ग्रीक कवींच्याच ओळींचा आधार घेऊन आपला देव समजावतो. पुढे तेर्तुल्यन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने नेमका उलटा सवाल केला : अथेन्सचे यरुशलेमशी काय देणेघेणे? अमेरिकन धर्मचिंतक रिचर्ड नीबर यांनी १९५१ साली ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या नात्याचे विरोधापासून परिवर्तनापर्यंत पाच प्रकार पाडले. कोकणातला अनुभव या पाचांपैकी एकाच खणात बसत नाही. इथे हा संवाद कधी ओवीत झाला, कधी वाळूवरच्या वादात, कधी अभंगात, तर अलीकडे विहिरीच्या पाण्यावरून.

सर्वांत जुना आणि आजही सर्वांत वाचनीय दस्तऐवज म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मरण पावले, तोवरचे बहुतेक आयुष्य त्यांनी गोव्यातल्या साष्टीत काढले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराची कथा सांगते, ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्र. त्याची मांडणीच संवादाची आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण पुढे येऊन पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला काहीतरी द्या. मागणी रास्त होती, आणि ती पाद्रीच्याच पुस्तकात नोंदली जावी हे विशेष. पुढेही श्रोते मध्येच थांबवून शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला स्टीफन्सना संकोच वाटला नाही.

ही बाजू उजळ असली, तरी संवादाच्या अटी ठरवणारा एकच पक्ष होता, हे विसरून ‘ख्रिस्तपुराणा’चे कौतुक करणे भाबडेपणाचे ठरेल. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, होते आणि ते कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले. १६८४ च्या फर्मानाने तर स्थानिक भाषेच्याच वापरावर बंधने आणली. ज्या भाषेच्या गोडव्याने स्टीफन्स भारावले होते, तिच्यावर त्यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी घाला घातला. ग्रंथ पुन्हा छापला गेला तो १९०७ मध्ये मंगळूरला. देवनागरी लिपीतली शांताराम बंडेलू यांची आवृत्ती पुण्याहून १९५६ मध्ये निघाली.

उत्तर कोकणात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण ख्रिस्ती वस्ती राहिली आणि गावगाड्यात मुरली. (चर्चच्या घंटा मात्र हलल्या. या मोहिमेत हाती लागलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीला आजही टांगलेल्या आहेत.) वसईचेच गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

एकोणिसाव्या शतकात संवादाची जागा वादाने घेतली. स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपले पहिले ठाणे मांडले ते दक्षिण कोकणातच, बाणकोट आणि हर्णै येथे. पुढे मुंबईत जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकर यांनी जाहीर वाद केला. या परंपरेतला सर्वांत रंगलेला प्रसंग म्हणजे १८५७ च्या आरंभीचा. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात जन्मलेले विष्णू भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबावा ब्रह्मचारी, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी मिशनऱ्यांना आव्हान देत उभे राहिले आणि वेदान्ताच्या भूमिकेवरून बायबलची उलटतपासणी करू लागले. समोर जॉर्ज बोवेन यांच्यासारखे अमेरिकन मिशनरी होते. बोवेन यांनी या चर्चांचा वृत्तांत इंग्रजीत छापला. ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने तो मराठीतही आला. दोन्ही बाजू हिरिरीने बोलल्या. एकमेकांचे ऐकले किती, ते वृत्तांत वाचणाऱ्याने ठरवावे. पण धर्म हा सामान्य माणसाने वाळूवर बसून, दोन्ही बाजू ऐकून पारखण्याचा विषय आहे, ही सवय मराठी मुलखाला लागली त्यात या संध्याकाळींचा वाटा मोठा.

वादाचा सूर बदलला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. धर्मशास्त्राच्या दृष्टीने टिळकांच्या कवितेपेक्षा हे पाऊल धाडसी होते, आणि त्यावरची चर्चा त्यांच्या कवितेपेक्षा फार कमी झाली आहे.

कॅथलिक बाजूला दार उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५). मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी उपासनेतले बारा बदल मान्य केले : बसून मिस्सा, नमस्कार, आरती, समई, अंगावर शाल वगैरे. या देशीकरणाची कोकणातली गंमत अशी, की इथल्या ख्रिस्ती घरांना देशी होण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज कधी भासलीच नव्हती. वसईच्या लग्नात मांडव होता, हळद होती, म्हाताऱ्यांच्या अंगावर नऊवारी लुगडे होते. भाताच्या लोंब्या घेऊन चर्चमध्ये जाण्याचा आगेरा हा सण ईस्ट इंडियन लोक, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे कॅथलिक, ऑक्टोबरात साजरा करत होते. वांद्र्याच्या मोतमाउलीला हिंदू कोळणी नवस फेडत होत्या. जे वरून आले ते पंडिती वळणाचे होते. जे खालून चालत आले होते ते शेतकऱ्याचे आणि कोळ्याचे होते. त्यामुळे आरतीचे तबक पाहून काही जुनी माणसे बिचकली यात नवल नाही.

याच मुद्द्यावर दलित धर्मचिंतनाने बोट ठेवले. अरविंद निर्मळ या महाराष्ट्रातल्याच धर्मचिंतकाने १९८१ मध्ये बंगलोरला केलेल्या भाषणापासून या विचाराची सुरुवात मानतात. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणजे उपनिषदांशी गप्पा असे जे समीकरण झाले होते, ते त्यांनी नाकारले. जात चर्चच्या दारापाशी चपलांबरोबर उतरत नाही, हे किनाऱ्यावरही खरे आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी ही ओळख बाप्तिस्म्यानंतर टिकली आणि सोयरिकी ठरवताना ती अजून डोके वर काढते. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. या विषयावर प्रवचने मोजकी होतात.

अलीकडच्या काळात संवादाचे केंद्र वसई आहे. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा काढून वसईचा धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) स्थापन झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामाच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला होता. टिळकांचा पूल इथे अभ्यासाचा विषय झाला. त्यांच्यानंतर आलेले फेलिक्स मच्याडो यांनी व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवाद परिषदेत काम केले होते. पण सामान्य मराठी वाचकाला या संवादाचा चेहरा म्हणून आठवतात ते नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले आणि त्यातून ख्रिस्ती घराबाहेरचे विषय ख्रिस्ती घरात आणले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एका धर्मगुरूने हे पद भूषवावे का, यावरून गदारोळही झाला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

दिब्रिटोंचे खरे धर्मचिंतन पुस्तकापेक्षा चळवळीत शोधावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागायती वाड्यांवर बिल्डरांची नजर पडली, टँकर विहिरी उपसू लागले, गोडे पाणी मचूळ होऊ लागले आणि बावखले बुजू लागली. बावखल म्हणजे वसईत वाडीला पाणी पुरवणारे गोड्या पाण्याचे तळे. ते बुजले की आजूबाजूच्या विहिरींचा आधारच जातो. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, दहशतीविरुद्ध सभा झाल्या आणि त्यांत हिंदू-ख्रिस्ती खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सृष्टी ही देवाची ठेव आहे, माणूस तिचा मालक नव्हे, असे सांगणारे पोप फ्रान्सिस यांचे परिपत्रक ‘लाउदातो सी’ २०१५ मध्ये आले. वसईत तो धडा पंचवीस वर्षे आधी बावखलाच्या काठावर गिरवला गेला होता. धर्मगुरूने राजकारणात पडू नये, असे म्हणणारे तेव्हा धर्मग्रामातही (एका चर्चच्या लोकांतही) होते. ‘तुम्ही मिस्सा सांगा, पाण्याचं आम्ही बघू’ हा सूर अजून ऐकू येतो.

किनाऱ्याच्या इतर भागांत चित्र निराळे आहे. रेवदंड्यापलीकडच्या कोर्लईत कॅथलिक घरांत पोर्तुगीजमिश्रित बोली टिकून आहे आणि उपासना मराठीत चालते. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये झाला. तिथे घरात मालवणी वा कोंकणी आणि शाळेत मराठी अशी सरमिसळ आहे. वसई-मुंबई पट्ट्यात नवा पेच भाषेचाच आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले इंग्रजी मिस्सेला जातात, आजी-आजोबा सकाळच्या मराठी मिस्सेला. एकाच घरातली श्रद्धा दोन भाषांत वाटली गेली आहे. तरुण मंडळी विचारतात ते प्रश्नही बदलले आहेत : आंतरधर्मीय लग्न, चर्चच्या कारभारातला स्त्रियांचा वाटा, मोबाईलवर येणारी उपदेशाची चित्रफीत आणि गावातल्या फादरांचे प्रवचन यांत खरे कोणते मानायचे. यावर मराठीत लिहिणारे अजून थोडे आहेत आणि जे आहेत त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे.