तो कारुसो नव्हे, लांझा!

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक चित्रफीत येऊन पडते. विदूषकाच्या पांढऱ्या झग्यातला एक धिप्पाड गडी जीव तोडून गातोय, मागे भरगच्च वाद्यवृंद, चित्र झकास रंगीत. खाली नाव: एन्रिको कारुसो. कारुसो म्हणजे ऑपेराचा, पाश्चात्त्य संगीत नाटकाचा, गाजलेला गायक. तो गेला २ ऑगस्ट १९२१ ला. तेव्हा सिनेमा मुका होता! पडद्यावर दिसतो तो अमेरिकन गायक-नट मारिओ लांझा, चित्रपट १९५१ चा 'द ग्रेट कारुसो', आणि आवाजही लांझाचाच.

घोटाळा व्हायला जागा आहे. दोघंही टेनर, म्हणजे पुरुषांच्या आवाजातल्या वरच्या पट्टीचे गायक. ऑपेरात नायकाचं काम बहुधा यांच्याकडेच. नावं दोन्ही इटालियन. त्यात लांझाचा जन्म ३१ जानेवारी १९२१ चा, कारुसो गेला त्याच वर्षीचा. पण लांझा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा, मूळचा आल्फ्रेडो कोकोझा. कारुसो अस्सल इटलीतल्या नेपल्सचा, जन्म १८७३ चा.

खरा फरक मात्र कामाचा. कारुसो १८९५ मध्ये नेपल्सच्या रंगमंचावर उभा राहिला आणि पुढची पंचवीस वर्षं गात राहिला. पुढे नाव झाल्यावर तो गावच्या सान कार्लो नाट्यगृहात गायला, तेव्हा गावकऱ्यांनी थंड स्वागत केलं. मग तिथे तो पुन्हा कधी गायलाच नाही. १९०३ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात त्याचे साडेआठशेच्या वर प्रयोग झाले. मायक्रोफोन नाही, आख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा उभं राहायचं. लांझाचे व्यावसायिक रंगमंचावर पूर्ण ऑपेराचे प्रयोग किती? दोन. १९४८, न्यू ऑर्लिन्स. गळा त्याचा देखणाच होता, त्याला तोतया म्हणणं अन्याय होईल. लहानपणी हाच चित्रपट पाहून पुढे नावाजलेला स्पॅनिश टेनर होझे कारेरासला गायक व्हावंसं वाटलं. पण ती रोजची कसोटी लांझाने दिलीच नाही.

आता कानाने कसं ओळखायचं? कारुसोच्या साऱ्या तबकड्या विजेच्या मायक्रोफोनच्या आधीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या. ११ एप्रिल १९०२ ला मिलानमधल्या एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने त्याची दहा गाणी मुद्रित केली, मानधन शंभर पौंड. (हाच गैसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं.) या पद्धतीत गायकाला पावलांनी आवाज सांभाळावा लागे: खालच्या सुरांना कर्ण्याजवळ, वरचा सूर लावताना मागे. त्यामुळे या मुद्रणांत खरखर असते, साथ पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी बारीक, आणि त्यातून गळा एकटाच पुढे येतो. लांझाच्या मागे व्हायोलिनचा गालिचा अंथरलेला असतो. एक सावधगिरी: १९३२ मध्ये कारुसोच्या जुन्या मुद्रणांवर नव्या वाद्यवृंदाची साथ चढवून पुन्हा तबकड्या काढल्या गेल्या. तेव्हा साथीवर विसंबू नका, गळा ऐका. कारुसोचा गडद, तळाशी जड, लांझाचा उजळ. तो तळ किती खोल होता याचा एक किस्सा आहे. १९१३ मध्ये फिलाडेल्फियात 'ला बोएम' हा ऑपेरा चालू असताना खर्जात गाणाऱ्या सहकाऱ्याचा घसा बसला, तर कारुसोने प्रेक्षकांकडे पाठ करून त्याचं खर्जातलं गाणं स्वतः गाऊन टाकलं.

चित्रपटातलं चरित्रही जपूनच घ्यावं. कारुसोच्या दोन मुलांची आई, आदा जाकेत्ती, तिथे औषधालाही नाही. शेवटी नायक रंगमंचावर कोसळतो, हेही सिनेमावाल्यांचं. ११ डिसेंबर १९२० ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गाताना कारुसोच्या तोंडातून रक्त आलं हे खरं. रुमालावर रुमाल भिजत होते आणि हा पठ्ठ्या गातच होता. पहिला अंक संपल्यावर प्रयोग थांबवला. त्यानंतरही तो गायला. २४ डिसेंबरला मेट्रोपोलिटनमध्ये शेवटचा प्रयोग झाला, मग फुप्फुसाच्या आवरणात पू, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया, आणि अखेर नेपल्समधल्या एका हॉटेलात मृत्यू. वय अठ्ठेचाळीस.

खराखुरा कारुसो हलताना बघायचा असेल तर १९१८ चा 'माय कझिन' शोधा. त्यात त्याची दुहेरी भूमिका आहे: एक नावाजलेला टेनर आणि एक त्याचा गरीब शिल्पकार भाऊ. विदूषकाचा तोच वेश करून तो गातो, तोंड उघडतं, छाती भरते. ऐकू मात्र काही येत नाही, चित्रपट मूक आहे.