पहिली सूचना : संबंध ठेवू नका

लग्नाला दोन-तीन वर्षं होतात, घरून ‘गोड बातमी कधी?’ अशी विचारणा सुरू होते आणि जोडपं वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे जातं. रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात. मग डॉक्टर खोदून विचारतात, तेव्हा कळतं की दोघांमध्ये संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही. इतकी वर्षं दोघांनीही हे कुणाजवळ बोलून दाखवलेलं नसतं. वंध्यत्वाच्या दवाखान्यांत अशी जोडपी नवीन नाहीत. खरं तर त्यांना सेक्स थेरपीची, म्हणजे लैंगिक अडचणींवर बोलून आणि सराव देऊन केल्या जाणाऱ्या उपचारांची, गरज असते आणि तिचा त्यांना फायदाही चांगला होतो.

यामागचं एक नेहमीचं कारण म्हणजे व्हजायनिस्मस. योनिमार्गाभोवतीचे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात. कधी कधी त्यासाठी प्रवेशाची नुसती कल्पनाही पुरते. डोळ्यासमोर अचानक बोट आलं की पापणी मिटते, तशीच ही क्रिया इच्छेबाहेरची असते. बायको मुद्दाम टाळत नसते आणि तिला नवरा आवडत नाही असंही नसतं. अनेकींना इच्छा असते, उत्तेजनाही येते. पण आवळलेल्या स्नायूंमुळे दुखतं, दुखण्याची धास्ती बसते आणि धास्तीने स्नायू पुढच्या वेळी आणखी आवळतात. ‘थोडं सहन कर, होईल सवय’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणूनच घातक आहे. जबरदस्तीने ही धास्ती पक्की होते.

उपचार मात्र साधे असतात, पण त्यांना धीर लागतो. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) अशी दुखण्याची इतर कारणं पाहतात. मग शरीराची रचना चित्र दाखवून समजावली जाते. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण आपल्याकडे सुशिक्षित घरांतही ती फार महत्त्वाची ठरते. पुढे ते स्नायू जाणीवपूर्वक आवळायला आणि सैल सोडायला शिकायचं, मग स्वतःचं बोट किंवा लहानापासून मोठ्यापर्यंतच्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनिमार्गात घालायच्या गुळगुळीत नळ्या, वापरायचे. वेग तिने ठरवायचा, थांबायचं कधी तेही तिनेच. नवऱ्याचा सहभाग त्यानंतर.

सेक्स थेरपीच्या शास्त्राचा पाया अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी घातला. 1970 मध्ये त्यांनी आपली उपचारपद्धत मांडली. अडचण एकाची दिसली तरी उपचार दोघांवर, हे त्यांचं सूत्र होतं. पद्धतीची सुरुवात बंदीने होते : काही काळ संबंध ठेवायचाच नाही. घरी, निवांत वेळी, एकमेकांना फक्त स्पर्श करायचा, तोही सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळून. या सरावाला ‘सेन्सेट फोकस’ म्हणतात.

बंदीमुळे काय साधतं, हे शिश्नाच्या ताठरतेवरून चटकन समजतं. ताठरता येण्यासाठी रक्तवाहिन्या सैलावाव्या लागतात आणि हे काम शरीर विसावलेलं असताना सक्रिय होणाऱ्या मज्जासंस्थेचं. ‘आज जमेल ना?’ या भीतीने अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि भीती खरी ठरते. पुरुष स्वतःचीच परीक्षा घेत, स्वतःकडे बघत राहतो. संबंध ठेवायचाच नसला की परीक्षा उरत नाही.

अर्थात, सगळंच मनातून येत नाही. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांचा फटका शिश्नाच्या बारीक रक्तवाहिन्यांना लवकर बसतो, त्यामुळे ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या आधी दिसते. म्हणून चाळिशीतल्या पुरुषाने परस्पर गोळी आणण्याआधी साखर आणि हृदय तपासून घ्यावं. 1998 पासून बाजारात असलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे ताठरतेचं औषध गुणकारी आहे, पण हृदयविकारातल्या छातीदुखीवरची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधं घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते. त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टर पर्याय देतात.

बाळंतपणानंतर, पाळी गेल्यावर येणाऱ्या कोरडेपणात, कर्करोगाच्या उपचारांनंतर किंवा दोघांच्या इच्छेत मोठी तफावत असेल तेव्हाही ही थेरपी उपयोगी पडते. समलिंगी जोडप्यांना आणि एकट्या व्यक्तींनाही ती घेता येते. ‘धातू गेल्याने’ अशक्तपणा येतो या समजुतीने खचलेले तरुण अजूनही दवाखान्यात येतात. 1960 मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या चिंतेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. वीर्य गेल्याने शक्ती जात नाही. ताकद वाढवण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी असूनही भिंती त्यांनी रंगलेल्याच असतात आणि घाबरलेला मुलगा तिथेच पैसे घालवतो, याचा मला संताप येतो. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून वाचकांच्या याच शंकांना शास्त्रीय उत्तरं दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू लढले, तरी खटला हरले.

दवाखान्यात मुख्यतः बोलणं होतं. शारीरिक तपासणी लागलीच तर ती डॉक्टर करतात आणि सराव घरी करायचा असतो. थेरपिस्ट स्वतः कामुक स्पर्श करत असेल किंवा आपल्यासमोर काही करायला सांगत असेल, तर तिथून उठून यावं. ‘सेक्सॉलॉजिस्ट’ या पाटीवरून शिक्षण कळत नाही, म्हणून मूळ पदवी विचारावी : मनोविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, यूरोलॉजिस्ट की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. घरात मारहाण किंवा जबरदस्ती होत असेल, तर जोडप्याची थेरपी बाजूला ठेवून आधी त्या व्यक्तीची सुरक्षितता बघावी लागते. जोडीदार तयार नसेल तर पहिल्या भेटीला एकट्यानेही जाता येतं. जाताना चालू औषधांची यादी आणि साखरेचा अलीकडचा रिपोर्ट बरोबर असू द्यावा.